कप्पीचं उद्यापन

गेल्या वर्षी कित्येक महिने मी रोज सकाळी सासूबाईंचा अंबाडा बांधत होते. हे वाचून कुणाचे डोळे पाणावले असतील तर त्यांनी ते लगेच पुसावेत. सात ते साडेसात हा आमच्या घरातला सगळ्यात धावपळीचा अर्धा तास. कुकर लावलेला असतो, डबा भरायचा असतो, नळाचं पाणी जायच्या आत पिंप भरायचं असतं, आणि अशा वेळी मी स्टुलावर बसलेल्या एका बाईच्या मागं, दातांत आकडे धरून उभी. तोंडात आकडे असल्यामुळे मला उत्तर देता यायचं नाही, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“सैल झाला गं.”

मी सोडून पुन्हा पीळ घालायची.

“आता घट्ट झाला. कपाळ ओढतंय.”

मी आकडे काढून पुन्हा घालायची.

“राहू दे, राहू दे. चालेल. तुला घाई आहे ना.”

हे ‘चालेल’ त्या अशा सुरात म्हणायच्या, की त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

आम्ही बेंगळुरूला येऊन वीसेक वर्षं झाली. नवऱ्याचा कारखाना होसकोटेला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तो अंधारातच कंपनीच्या बसनं निघून जातो. मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळते. मुलगी शिकायला पुण्याला. म्हणजे अंबाडा बांधायला घरात मीच.

सासूबाई मूळच्या निपाणीच्या. सासरे गेल्यापासून तिथंच, दोन खोल्या आणि पुढं थोडं अंगण अशा स्वतःच्या घरात एकट्या राहायच्या. एकट्या म्हणजे नावाला. दुपारी गल्लीतल्या चार बायका त्यांच्या अंगणात जमलेल्याच असत. आदल्या दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा रोज सकाळी शेजारची सून येऊन त्यांचा अंबाडा घालून जाताना दिसली. मी विचारलं तर म्हणाल्या, “तिला हौस आहे.” तिसऱ्या दिवशी मी त्यांना फळीवरचा डबा काढायला सांगितलं, तेव्हा हौसेचं कारण कळलं. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. किती महिने झाले विचारलं तर म्हणाल्या, “थंडीनं असंल.” तेव्हा थंडी नीट पडलीही नव्हती.

इथं आणून डॉक्टरांना दाखवलं. खांदा गोठलेला. साखरेच्या आजारात होतो म्हणाले. ऑपरेशन नको, इंजेक्शननं थोडा आराम पडेल, पण खरा इलाज व्यायामाचा. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. दारावर कप्पी बसवून दोरीनं दुखरा हात चांगल्या हातानं ओढायचा. काठी दोन्ही हातांत धरून मागं न्यायची. रोज, दिवसातून तीनदा, दुखलं तरी. व्यायाम शिकवणारी मुलगी इथलीच होती. सासूबाईंना कानडी माझ्यापेक्षा चांगली येते, त्यामुळे दोघींचं मेतकूट लगेच जमलं. ती म्हणाली, “अज्जी, दिना माडबेकु.” रोज करायचं. सासूबाई म्हणाल्या, “माडतीनि, माडतीनि.” करते, करते. दोनदा म्हणाल्या, तिथंच मला शंका आली.

मी चिकपेटेत हार्डवेअरच्या गल्लीत जाऊन कप्पी आणली, दोरी आणली, सुताराला बोलावून बैठकीच्या दारावर आकडा ठोकून घेतला. भिंतीवर पेन्सिलनं खुणा केल्या. फोनवर गजर लावला. पहिल्याच आठवड्यात त्या इतर काही शिकल्या नाहीत, पण गजर बंद करायला शिकल्या.

“केलं का आई?”

“केलं की.”

“कधी?”

“तू कामावर होतीस तेव्हा.”

दोरीला मी सकाळी मारलेली गाठ संध्याकाळी तशीच असायची. तपासणीचं काम करणाऱ्या बाईशी खोटं बोलताना माणसानं निदान गाठ तरी सोडून ठेवावी.

कारणं रोज नवी. आज अमावस्या. आज शेजारीण आली होती. आज फार दुखतंय, उद्या बघू. आज अजिबात दुखत नाही, मग कशाला? एकदा म्हणाल्या, “मी काय लहान पोर आहे, दोरीला लोंबकळायला?” मी म्हटलं, मग केस कापून टाकू, तुमचीही सुटका आणि माझीही. त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी फक्त नवऱ्यामार्फत बोलल्या. एकाच टेबलावर बसून. “तिला सांग, आमटीत मीठ कमी आहे.”

या सगळ्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती: निपाणीला परत जायचं. इथं त्यांना काही कमी नव्हतं. शेजारीण होती, देऊळ होतं, खाली बाकावर बसायला चार अज्ज्या होत्या. पण त्या म्हणायच्या, “इथं मी पाहुणी. माझ्या घरी येणारे पाहुणे.” नवऱ्याचं म्हणणं, एकटीला कसं पाठवू? पाठीला साबण लावता येत नाही, ब्लाउज घालता येत नाही, फळीवरचं भांडं काढता येत नाही. एका रविवारी दोघांची जुंपली आणि तो वैतागून म्हणाला, “ज्या दिवशी तू आपल्या हातानं अंबाडा बांधशील ना आई, त्या दिवशी मी स्वतः गाडीनं सोडून येतो. दोन्ही हात डोक्याच्या मागं गेले की बाकी सगळं येतं. ती व्यायामवाली पण हेच म्हणाली.”

“शब्द?”

“शब्द.”

मला वाटलं, आता तरी करतील. दोन दिवस केलंही. तिसऱ्या दिवशी आमरसाचा बेत निघाला आणि खांदा बाजूला पडला.

मग आषाढ लागला.

आमच्या सासूबाईंनी उभ्या जन्मात चातुर्मासाचा नेम चुकवलेला नाही. एका वर्षी वांगं सोडलं. एका वर्षी तूप. एका वर्षी तुळशीला पाणी घालेपर्यंत बोलायचं नाही असं मौन धरलं होतं. त्या चार महिन्यांत घरात गॅस संपला तरी त्या हातवारे करून सांगायच्या. मी विचार केला, रोज न चुकता काही करण्याची ताकद या बाईत आहे, ती फक्त चुकीच्या ठिकाणी खर्च होते आहे. म्हटलं, “आई, यंदा खांद्याचा नेम धरा.”

“व्यायामाचा कुठं नेम असतो होय?”

“वांग्याचा असतो, मग खांद्यानं काय घोडं मारलंय?”

त्या विचारात पडल्या. दोन दिवसांनी देवापुढं सुपारी ठेवून नेम घेतलाही. पण त्याला कलमं लावली त्यांनी. आंघोळ झाल्याशिवाय करायचं नाही. केल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. बोटं चालवायची ती देव्हाऱ्याशेजारच्याच भिंतीवर, आणि दर पायरीला देवाचं एक नाव. मी म्हटलं, घ्या, काहीही घ्या, फक्त हात वर जाऊ दे.

आणि गेला की. खरंच जायला लागला. सकाळी स्नान करून, ओल्या पदरानं त्या भिंतीला बोटं लावायच्या आणि नामावळी सुरू. दोरी कुरकुर वाजायची. गजर नको, आठवण नको. मी मुलीला फोनवर म्हटलं, “बघ, तुझी आजी सुधारली.” ती म्हणाली, “आई, तू फार लवकर खूश होतेस.” पोरगी शहाणी आहे.

पहिली कटकट ही की दिवसातून तीनदा करायचं ते एकदाच होत होतं. दुपारी करा म्हटलं तर, “नेम सकाळचा घेतलाय. वाढवता येत नाही.” जणू काही मी देवाशी झालेल्या करारात खाडाखोड करायला सांगत होते. व्यायामवाल्या मुलीनं समजावलं, “अज्जी, मध्याह्न स्वल्प माडि.” दुपारी थोडं करा. तिलाही तेच उत्तर, कानडीत.

दुसरी कटकट मोठी. श्रावणात एकदा आमच्या इमारतीत पाणी आलं नाही. बोअर आटलेली, टँकर येणार येणार म्हणत आलाच नाही. मी रात्री भरलेल्या बादलीत कशीबशी आवरून कामावर गेले. पीण्याला पोचून तासाभरात शेजारणीचा फोन. ही शेजारीण बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातली. चार पिढ्या इथं, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मं कानडी.

“अक्का, तुम्ही स्वल्प लवकर या. अज्जींना घाम सुटलाय, हात कापतायत. काही खा म्हटलं तर नेम आहे म्हणतात.”

मला सगळं एका क्षणात कळलं. पाणी नाही म्हणून आंघोळ नाही. आंघोळ नाही म्हणून व्यायाम नाही. व्यायाम नाही म्हणून खाणं नाही. साखर उतरवायची गोळी मात्र वेळेवर घेतलेली, कारण गोळी म्हणजे खाणं नव्हे.

“साखर घाला त्यांच्या तोंडात. जबरदस्तीनं घाला.”

“घेत नाहीत अक्का.”

“घालाच!” मी ओरडले. शेजारच्या लेथवरची माणसं वळून बघायला लागली.

धावत घरी पोचले तर सासूबाई शेजारणीच्या सोफ्यावर टेकून बसलेल्या, चेहऱ्यावर रंग परत आलेला, आणि शेजारणीला नेमाचे नियम समजावून सांगण्यात गुंग. शेजारणीनं डोकं चालवलं होतं. आपल्या देवापुढची खडीसाखर आणून म्हणाली होती, “हा प्रसाद आहे, नाही म्हणता येत नाही.” आणि प्रसादाला नाही म्हणता येत नाही, हा नियम त्यांच्या नेमापेक्षा वरचा निघाला.

मी त्यांच्यावर जेवढं ओरडायचं तेवढं ओरडले. म्हटलं, खांदा धरायला सांगितला होता, जीव द्यायला नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हातपाय धुतले तरी चालतं. पाणी नसेल तेव्हा.”

“मग आज का नाही धुतले?”

“तेव्हा आठवलं नाही.”

गोळीबरोबर खायच्या दोन बिस्किटांना त्यांनी त्या दिवसापासून औषधात ढकललं. कलमं बदलता येत होती तर. फक्त मी सांगितल्यावर नाही.

भाद्रपद गेला, दसरा-दिवाळी गेली. हात कानाच्या वर पोचला. मागं अजून जात नव्हता, पण व्यायामवाली म्हणाली, असंच चालू राहिलं तर संक्रांतीपर्यंत अंबाडा होईल. सासूबाईंचा चेहरा उजळला. निपाणीला त्यांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू गल्लीतलं सगळ्यात मोठं असतं. आदल्या वर्षी ते चुकलं होतं.

मग कार्तिकी एकादशी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी कामावरून आले, तर दार मोकळं.

कप्पी नाही. दोरी नाही. नुसता आकडा.

“आई, कप्पी कुठंय?”

“दिली.”

“दिली म्हणजे? कुणाला?”

“शेजारी. नेमाचं उद्यापन केलं आज. नारळ, खण, विडा आणि कप्पी. दोरी धुऊन, हळदीकुंकू लावून दिली.”

मी चपला न काढता स्टुलावर बसले.

“अगं, ज्याचा नेम त्याचं दान. मौन धरलं तेव्हा घंटा दिली होती देवळात, विसरलीस? तूप सोडलं तेव्हा तुपाची लोटी दिली. तूच तर बरोबर आली होतीस.”

“आणि काठी?”

“काठी पण.”

तशीच शेजारी गेले. शेजारणीनं मला बसवलं, कॉफी दिली आणि देव्हाऱ्याकडं बोट दाखवलं. तिच्या कुलदेवतेच्या तसबिरीशेजारी, चिकपेटेतून मी घासाघीस करून आणलेली लोखंडी कप्पी, कुंकू लावलेली, फूल वाहिलेली.

“परत मागू नका हो अक्का. दान आलेलं परत कसं देणार?”

“मग वापरा तरी. तुमचाही खांदा दुखतो ना?”

“देवाजवळची वस्तू वापरायची कशी?”

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं तर तो हसून हसून ताटावर वाकला. मी म्हटलं, हसून झालं असेल तर रविवारी चिकपेटेत जा आणि दुसरी आण. त्यानं आणली. त्याच आकड्याला लावली. सासूबाईंनी तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. “उद्यापन झाल्यावर परत तेच करायचं? चेष्टा आहे काय देवाची?”

“देवाचा काय संबंध? खांदा तुमचा आहे.”

“नेम संपला.”

मी इतकी चिडले होते की मला हेही सुचेना की चिडायचं कुणावर. चार महिने एक दिवस न चुकता केलेली गोष्ट पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी अशी पुसली जाते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. आणि नेम धरा हे सांगणारी मीच होते, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. त्यांच्या हिशेबी त्यांनी सगळं चोख पार पाडलं होतं.

मार्गशीर्षात थंडी पडली. खांदा पुन्हा आखडायला लागला. एका सकाळी मी डब्यात गुंतले होते म्हणून त्यांनी स्वतःच कंगवा उचलला. हात गालापर्यंत आला आणि तिथंच अडकला. त्यांनी डाव्या हातानं कोपराला आधार देऊन वर ढकलून बघितलं. मग कंगवा मांडीवर ठेवून माझी वाट बघत बसल्या. मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकाला विचारलं, “संक्रांतीला सोडशील ना?”

“अंबाडा?” तो म्हणाला.

त्या उठून आत गेल्या. ताटातली निम्मी भाकरी तशीच राहिली.

आमच्या कारखान्यात एक जुनी डोकेदुखी होती. मापं घ्यायची गेज माणसं वापरून कुठंही ठेवून जायची. मी फलक लावले, दंडाची भीती घातली, सकाळी सगळ्यांना उभं करून भाषणं दिली. आठवडाभर फरक, मग पुन्हा तेच. शेवटी मी कंटाळून हजेरीचं यंत्रच गेजच्या फळीशेजारी हलवलं. घरी जाताना अंगठा लावायला तिथं यावंच लागतं, तर हातातलं गेज खिळ्याला अडकवूनच माणूस अंगठा लावतो. तेव्हापासून त्या विषयावर मला तोंड उघडावं लागलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेट्रोत मी हाच विचार करत होते. या बाईचं असं काय आहे जे चुकतच नाही? जेवण? उपासाला चुकतं. आंघोळ? टँकरवर अवलंबून. देव? त्याचं पंचांग आहे, त्यात सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहिलेले. राहिला अंबाडा. मोकळ्या केसांनी त्या दूधवाल्यालाही दार उघडत नाहीत. तापानं फणफणल्या असताना आधी अंबाडा बांधून घेऊन मग डॉक्टरांकडं निघाल्या होत्या. आणि ही एकमेव न चुकणारी गोष्ट मी रोज सकाळी त्यांच्या हातातून काढून माझ्या हातात घेत होते.

आधी शेजारणीकडं गेले आणि सांगून ठेवलं, “उद्यापासून अज्जी अंबाडा बांधायला तुमच्याकडं आल्या तर बांधायचा नाही. बांधलात तर कप्पी परत मागेन.”

“सरी सरी,” ती घाईनं म्हणाली.

सकाळी मी स्टुलावर कंगवा आणि आकडे मांडले, डबा उचलला.

“अगं, अंबाडा?”

“तुम्ही बांधा.”

“मी? कशी बांधू?”

“जमेल तसा. जमेल तिथं. मी आता बांधणार नाही.”

“मग मोकळ्या केसांनी बसू? घरात कुणी गेल्यासारखं?”

“तुमची मर्जी.”

मागून बरंच काही ऐकू आलं. मराठीत सुरू झालेलं कानडीत संपलं. मी लिफ्टचं बटण दाबलं. मेट्रोत मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. उलट त्या दिवशी बसायला जागा मिळाली.

संध्याकाळी आले तर अंबाडा होता. उजव्या कानाच्या वर. हात तिथपर्यंतच जात होता, म्हणून तिथंच. लिंबाएवढी गाठ, तिच्यात आकडे उभे आडवे खुपसलेले, आणि तिच्यासकट त्या ताठ मानेनं सोफ्यावर बसलेल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “झालं समाधान?”

“छान दिसतोय.”

“शेजारीण म्हणाली, अज्जी, कॉलेजात नाव घातलं काय?”

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

रोज सकाळी तीच लढाई. मी आकडे मांडायची, त्या बोलायच्या, मी निघून जायची. पण अंबाडा रोज होत होता. अमावस्येला झाला, एकादशीला झाला, पाणी नव्हतं तेव्हाही झाला. पाहुणे येणार होते त्या दिवशी तर जरा लवकरच झाला. आज नको, उद्या बघू, असं म्हणायची सोयच नव्हती. आणि हळूहळू तो सरकायला लागला. कानावरून कानामागं. कानामागून मानेच्या उजव्या अंगाला. थंडीच्या दिवशी पुन्हा कानावर यायचा, ऊन पडलं की मागं जायचा. त्याचं कुणी कौतुक केलं नाही. फक्त नवरा बसमधून उतरून आला की बूट काढता काढता विचारायचा, “आई, आज कुठल्या स्टेशनापर्यंत पोचला?” मान वाकडी करून बघायचा आणि आपणच सांगायचा, “यशवंतपूर. मधलं मॅजेस्टिक अजून लांब आहे.”

“तुझ्या बापाला तरी येत होता काय अंबाडा बांधायला?” त्या म्हणायच्या.

एक दिवस मी डबा भरत असताना मागून ओळखीची कुजबुज ऐकू आली. वळून बघितलं तर त्या भिंतीवर बोटं चालवत होत्या. देव्हाऱ्याशेजारी नव्हे, स्वयंपाकघराच्या दाराशीच, जिथं स्टूल होतं तिथं. मी पुन्हा डब्याकडं वळले. त्या कंगवा उचलून म्हणाल्या, “तुला एक सांगते. आधी भिंत केली ना, की अंबाडा बांधताना कमी दुखतं. माझ्या लक्षात आलं.”

हे वाक्य व्यायामवाल्या मुलीनं त्यांना कानडीत, मी मराठीत आणि माझ्या मुलीनं फोनवरून दोन्ही भाषांत कितीदा सांगितलं होतं, त्याची गणती नाही.

“हो का?” मी म्हटलं. “बरं झालं लक्षात आलं.”

नवी कप्पीही कुरकुरायला लागली. त्यांनी तिला तेल मागितलं. मी दिलं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी परीक्षा झाली. नवरा त्यांच्या मागं उभा राहिला, हात मागं बांधून, आमच्या कारखान्यात तपासणीला येणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. त्यांनी दोन्ही हात मागं नेले. ओठ दातांखाली धरलेला. पीळ घातला, गुंडाळलं, आकडे खोचले.

“मध्यावर नाहीये आई. उजवीकडं कललाय.”

“मध्यावरच आहे. तू वाकडा उभा आहेस.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी रोज हजारांनी भाग तपासते. थोडं कमीजास्त असलेलं पास करायचं कधी आणि परत पाठवायचं कधी, ते मला कळतं. मी म्हटलं, “पास.”

तो त्यांना गाडीनं सोडून आला. कप्पी त्या बरोबर घेऊन गेल्या. मी विचारलंसुद्धा नाही की तिचं पुढं काय करणार.

संक्रांतीला दुपारी त्यांचा फोन आला, चित्रासकट. खोली बायकांनी भरलेली, तिळगुळाची ताटं, सगळ्यांचं एकदम बोलणं. त्या मुद्दाम वळल्या आणि मला डोक्याची मागची बाजू दाखवली. अंबाडा बरोबर मध्यावर. काढलेल्या रेघेसारखा सरळ. त्यावर गजराही.

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली.

“कुणी बांधला?”

“मी.”

“शेजारच्या सुनेनं नाही?”

“अगं मी! कुणाची शपथ घेऊ?”

“शपथ नको. सोडा आणि परत बांधून दाखवा.”

“आता? एवढ्या बायकांत केस मोकळे सोडू? डोकं फिरलंय काय तुझं?” मागं बायका खिदळल्या. कुणीतरी म्हणालं, “सूनबाई लई कडक हाय की!” सासूबाई फोनपाशी तोंड आणून दबक्या आवाजात म्हणाल्या, “उद्या सकाळी फोन कर. बांधताना दाखवते. मग तर झालं?”

मी केला. त्यांनी दाखवलं. मध्यावर नव्हता, पण त्यांनीच बांधला होता. आदल्या दिवशीचं मी पुन्हा विचारलं नाही. म्हटलं, उद्या परत दाखवा.

तर आता रोज सात वाजता माझा फोन तेलाच्या बरणीला टेकवून उभा असतो. इकडं मी पोळ्या लाटते, तिकडं निपाणीला त्या माझ्याकडं पाठ करून बसतात. भिंत आधी होते, मग कंगवा. आता आकडे त्यांच्या दातांत असतात, त्यामुळे त्यांना बोलता येत नाही आणि मला येतं. अंबाडा झाला की मानेला हात लावून विचारतात, “बघ गं. झाला?”

मी लाटणं खाली ठेवून फोनजवळ जाऊन नीट बघते.

“सैल झालाय.”

त्या कुरकुरतात, सोडतात, पुन्हा बांधतात. कधीकधी पहिलाच बरा असतो, तरी मी सैल म्हणते. तेवढाच हात दोनदा मागं जातो. दुसऱ्यांदा बांधून होईपर्यंत माझी पोळी करपते, सात चाळीसची मेट्रो जाते, आणि त्या वळून विचारतात, “तुला घाई नाही ना?”